सोमवारचे हुकूम

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ कुठे घसरलं असेल तर पोटात घालावं. शब्दही साधेच आहेत, मोठे शब्द मला जमत नाहीत. ही गोष्ट माझ्या ताईच्या नवऱ्याची, म्हणजे भावजींची. त्यांनी ती मला एकदाच सांगितली, आणि इतक्या हळू आवाजात, की मला पुढे सरकून बसावं लागलं.

१

भावजी शस्त्रांच्या संग्रहालयात बंदुका पुसायचं काम करतात. दगडी इमारत, उंच छत, आणि एकच लांबलचक दालन. दालनाच्या या टोकाला भाले, त्या टोकाला चाकांवरची मशीनगन, आणि मधली चारशे वर्षं भिंतीला टेकून उभी. आधी तोड्याच्या बंदुका, ज्यांना जळती दोरी लावून बार काढायचे. मग चकमकीच्या, घोड्याच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या खटक्याच्या, तोंडात गारगोटी धरलेल्या. या चकमकीच्या बंदुका एका लाकडी घोडीत रांगेनं उभ्या होत्या, नळ्या छताकडे, आणि पुढून एक साखळी.

सोमवारी संग्रहालय बंद. तो तेलपाण्याचा दिवस. काम ठरलेलं होतं. बंदूक हातात घेतली की आधी पितळी गज नळीत सोडायचा. नळी रिकामी असली की गज तळाच्या लोखंडावर आपटतो आणि टण्ण वाजतो. आत काही अडकलं असेल तर धप्प. शंभर वर्षं रिकामी आहे हे माहीत असलं तरी आधी आवाज ऐकायचा, मगच चिंधी घालायची. भावजींच्या हातून हा नियम कधी चुकला नाही. दर सोमवारी दालनात टण्ण, टण्ण असं देवळातल्यासारखं चालू असायचं.

आता भावजी म्हणजे कसा माणूस, तर गरीब गाय. रस्त्यात कुत्रं आडवं बसलेलं असलं तरी ‘अहो, जरा सरकता का’ म्हणतील. घरी हुकूम ताईचा. तिचा आवाज चढला की कुकरसुद्धा शिट्टी आवरतो. संग्रहालयात हुकूम ते चालवणाऱ्या मॅडमचा, आणि दारावरच्या सुभेदाराचा. सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन पहारेकरी झालेला एक पिळदार म्हातारा. राहता राहिली माझी भाची. ती इतकी बोलते की तिचं नाव टिटवी पडलं आहे. तीही बापाला शेपटीसारखी नाचवते.

चकमकीच्या रांगेसमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोठा चित्रफलक होता. ठासणीची बंदूक कशी भरतात, याची सात चित्रं. प्रत्येक चित्राखाली शिपायाला द्यायचा हुकूम. भर दारू. सोड गोळी. ठास गज. भर रंजक. चढव घोडा. धर नेम. झाड.

एका सोमवारी दालनात चिटपाखरू नव्हतं. भावजींनी मागेपुढे पाहिलं, छाती जराशी काढली आणि रांगेकडे तोंड करून म्हणाले, “भर दारू!”

एकेरीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी एकेरीत हुकूम. छतानं तो आवाज घेतला, गोल फिरवला आणि परत आणून दिला. भावजींना तो आपला वाटेचना. त्यांना गंमत वाटली, लाजही वाटली. घरी जाऊन त्यांनी तो हुकूम टिटवीला शिकवला. केरसुणी खांद्याला लावून ती शिपाई झाली.

तेव्हापासून दर सोमवारी एक हुकूम. मूल खाऊ पुरवून पुरवून खातं, तसा.

२

पुढच्या सोमवारी रांगेतली पहिली बंदूक जरा घोगरी वाजली. टण्णचा शेपटीकडचा ण कुणीतरी तोडून घेतल्यासारखा. हवा दमट आहे, भावजी मनात म्हणाले. त्या दिवशीचा हुकूम झाला, “सोड गोळी!”

त्यानंतरच्या सोमवारी ती आणखी बसली. सर्दी झालेल्या माणसासारखी. भावजींनी नळीत फुंकर मारली, तिरकी करून उजेडात पाहिली. आत अंधार होता, पण नळीत अंधारच असतो. “ठास गज!” त्यांनी रांगेला सांगितलं, आणि तेलाचा डबा उचलला.

मग तो सोमवार आला. बाहेर लख्ख ऊन, खिडक्यांतून जमिनीवर पांढरे चौकोन पडलेले. भावजींनी पहिली बंदूक घेतली, गज सोडला.

धप्प.

त्यांनी गज वर ओढला आणि पुन्हा सोडला. धप्प. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. पुरी नळी मोजणारा गज आता तळापर्यंत पोचत नव्हता. चार बोटं कमी पडत होता.

३

“जुन्या बंदुका भरलेल्या निघतात कधीकधी,” भावजी स्वतःलाच म्हणाले. हे खरंही होतं. कुणा शिपायानं लढाई संपल्यावर बार न काढता बंदूक ठेवून दिलेली असते, आणि ती तशीच नातवंडा-पतवंडांकडे जाते. पण ही बंदूक त्यांनीच इतक्या वेळा वाजवली होती.

टोकाला पेच असलेला गज आत घालून त्यांनी तो फिरवला आणि हळूहळू ओढला. आधी बोळा आला. कापडाचा. वर्तमानपत्रावर टाकून त्यांनी तो उलगडला.

पिवळं कापड. त्यावर लाल छत्र्या.

ती टिटवीच्या जुन्या झग्याची चिंधी होती. ताई घरातले फाटके कपडे कापून देते आणि भावजी त्याच चिंध्या बंदुकांना वापरतात. तेलाच्या डब्याशेजारी त्यांचा एक पत्र्याचा डबा भरलेला असतो. भावजींना एकदम हलकं वाटलं. आपलीच चिंधी आत राहिली! उगाच घाम फुटला.

त्यांनी बंदूक उलटी केली. शिशाची गोळी गडगडत वर्तमानपत्रावर आली. तिच्यामागून काळी दारू सुळसुळत आली, कोरडी, ताजी, झणझणीत वासाची.

मॅडम आल्या. त्यांनी चिमूटभर दारू बोटांत चोळली, हुंगली, आणि चष्मा वर सरकवून भावजींकडे पाहिलं.

“साखळीची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“दुसरी?”

“नाही, मॅडम. एकच आहे.”

“मग मी काय समजायचं?”

भावजी वर्तमानपत्राच्या कडा दुमडायला लागले. 

“हे पाण्यात टाका,” मॅडम म्हणाल्या. “आणि ज्या कुणी ही चेष्टा केली असेल, त्यानं पुन्हा करू नये. पुढच्या वेळी मला ही गोष्ट पोटात ठेवता येणार नाही.”

बाकीच्या बंदुका त्यांनी मॅडमसमोर वाजवून दाखवल्या. सगळ्या टण्ण वाजल्या. मॅडम गेल्यावर हात धुताना त्यांना आठवलं, संध्याकाळी टिटवी दारातच विचारणार. रिकाम्या हातानं कसं जायचं? ओल्या हातांनी, रांगेकडे न बघताच, ते पुटपुटले, “भर रंजक.”

४

“चौथा हुकूम सगळ्यात बारीक,” त्या संध्याकाळी घरी टिटवी केरसुणीवर चिमूट सोडत म्हणाली. “बाबा, रंजक म्हणजे काय?”

“बंदुकीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, ठेवायची चिमूटभर दारू. ठिणगी आधी तिच्यावर पडते.”

“पोरीला भलतंच काय शिकवताय?” ताई आतून ओरडली. “आणि ती केरसुणी मला लागते, फौजेला नंतर द्या.”

“आई, आमचा वर्ग बाबांच्या बंदुका बघायला येणार आहे! पुढच्या मंगळवारी! बाईंनी सांगितलं!”

भावजींचा सगळा संशय सुभेदारावर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आडून आडून विचारून पाहिलं. सुभेदार खो खो हसला.

“मी बंदूक भरू? अरे गरीब गाय, मला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही! तुला कुणी घाबरवतंय. तू आहेसच तसा, दगड मारला तर सॉरी म्हणणारा.” मग तो फलकाकडे वळला. “पण कवायत मोठी चीज बरं का. कशाला काढली माहितीये? ही बंदूक भरायला वेळ लागायचा. समोरून शत्रू धावत येतोय, आणि हा आपला गज ठासतोय. माणूस घाबरणारच. म्हणून रोज तेच, रोज तेच. माणूस घाबरला तरी हात घाबरायला नकोत. शेवटी माणूस असो नसो, हुकूम आला की हात चालतात.”

एवढ्यात लोक आत आले आणि सुभेदारानं रोजचा खेळ सुरू केला. पहिले सहा हुकूम तो कधी वाचायचा नाही, त्याचा त्याला कंटाळा. “हे सहा तुमचे तुम्ही वाचा. सातवा आपण सगळे मिळून ओरडायचा. एक, दोन...”

“झाड!” लोक ओरडले, हसले आणि पुढे गेले. भावजी रोज हे ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांचं लक्ष रांगेकडे गेलं.

५

पुढचा सोमवार. भावजी लवकर आले. साखळी काढली, पहिली बंदूक घेतली. धप्प. दुसरी घेतली. धप्प. तिसरी. ते तसेच एकेक करत पुढे गेले. अख्खी रांग मुकी झाली होती. प्रत्येक बंदुकीच्या कानाशी, छोट्या वाटीसारख्या खोलगट भागात, चिमूटभर काळी पूड होती. बाजूला चिंध्यांचा पत्र्याचा डबा होता, तो जवळजवळ रिकामा झाला होता.

भर दारू. सोड गोळी. ठास गज. भर रंजक.

भावजी जमिनीवर बसले. मनाशी वाद घालायला लागले. माझ्या बोलण्यानं घरातला पंखासुद्धा कुणी लावत नाही. मी सांगितलं आणि बंदुका भरल्या? हे कुणाला सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील. आणि खरंच मीच हे करत असलो, झोपेत, बेशुद्धीत? मग तर डॉक्टरकडेच जायला हवं. एकदा पुढचा हुकूम समोरासमोर देऊन बघूच. डोळ्यांदेखत काही झालं नाही, तर हा सगळा माझ्या डोक्याचा खेळ.

ते उठले. रांगेवर नजर रोवली आणि म्हणाले, “चढव घोडा.”

काही झालं नाही. उन्हात धूळ तरंगत होती. सगळे घोडे जिथल्या तिथे पडलेले.

भावजींना हसू आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. स्वतःवरच्या त्या हसण्यात पुढचाही शब्द निसटला. “धर नेम म्हणे! धर नेम!”

काहीच नाही. त्यांनी डोळे पुसले आणि रुमाल खिशात घालायला पाठ वळवली.

कट्-कट्.

रांगेच्या टोकाला. मग त्याच्या शेजारी. कट्-कट्, कट्-कट्, असा तो आवाज त्यांच्या पाठीमागून, मणी ओघळावेत तसा, दालनभर सरकत गेला. मग थांबला.

भावजींच्या समोर फलकाची काच होती. तिच्यात दालन दिसत होतं, अंधूक, उलटं. खिडक्यांचे पांढरे चौकोन दिसत होते. आणि रांग. नळ्यांची टोकं छताकडे नव्हती. काचेत ती सगळी लहान लहान, काळी, गोल दिसत होती. समोरून पाहिल्यावरच नळीचं तोंड असं गोल दिसतं.

त्या गोलांच्या मागे काय होतं, ते भावजींनी मला सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त स्वतःचा गाल उजव्या खांद्याकडे झुकवून दाखवला आणि एक डोळा मिटला.

६

“काय रे, पुतळा झालास की काय?”

दारातून सुभेदार आला. भावजी हलले नाहीत.

“उद्या तुझ्या पोरीचा वर्ग येणार ना? बरं झालं आठवलं. पोरांना असं ओरडायला लावतो, की छप्पर उडेल. मी म्हणणार, एक, दोन, आणि सगळे एकदम...”

भावजींनी झेप घातली आणि तेलकट हात सुभेदाराच्या तोंडावर दाबला. दोघंही भिंतीवर आपटले.

“अरे मारतोस काय!” हात बाजूला ढकलून सुभेदार थुंकला. “थू! रॉकेल पाजलंस की मला!”

भावजींनी मागे वळून पाहिलं. बंदुका घोडीत सरळ उभ्या होत्या, नळ्या छताकडे. पण सगळे घोडे चढलेले.

सुभेदारानंही ते पाहिलं. त्याची भुवई वर गेली. “घोडे कशाला चढवलेस? मॅडमनी बघितलं तर उद्यापासून घरी भांडी घासशील.”

तो गेल्यावर भावजींनी पहिली बंदूक घेतली. घोडा हळूच उतरवला, रंजक पुसली, पेच लावून बोळा काढला, गोळी काढली, दारू पाण्यात टाकली. गज सोडला. टण्ण. त्यांना हायसं वाटलं. दुसरी रिकामी केली. मग मनाला शांती नाही म्हणून पहिलीत पुन्हा गज सोडला.

धप्प.

दुपार सरेपर्यंत ते हेच करत राहिले. शेवटी त्यांना कळलं की हे विहीर उपसण्यासारखं आहे. वरून उपसलं तरी खालून झिरपणारच. हुकूम दिलेला होता.

ते दारावर सुभेदाराकडे गेले. “सुभेदार, एक विचारू? बंदूक भरली, नेम धरला, आणि मग झाडायचीच नसली तर?”

“तर हुकूम फिरवायचा. विश्राम म्हणायचं.”

“कुणीही म्हटलं तर चालतं?”

“वा! भाजीबाजार आहे का? ज्याचा हुकूम घेतलाय, त्यानंच फिरवायचा. समोर उभं राहून. पाठमोऱ्या माणसाचं शिपाई ऐकत नसतो.” सुभेदारानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि पोटातून. तुझ्यासारख्यानं पुटपुटून म्हटलं, तर कोंबडंसुद्धा बसणार नाही.”

“उद्या पोरांना तो शब्द ओरडायला लावू नका. पाया पडतो.”

“हात् वेड्या! माझा तेवढाच तर एक खेळ आहे.”

घरी भावजी ताईला म्हणाले, “टिटवीला उद्या पाठवायला नको.”

“का?”

“उगाच. असंच,” भावजी म्हणाले. 

“पोर आठवडाभर नाचतेय. गणवेशाला इस्त्री करून झाली. कारण सांगा, ठेवते घरी.”

टिटवी केरसुणी घेऊन आली. “बाबा, आजचा पाचवा ना? मी म्हणू?”

“नको,” भावजी म्हणाले. मग त्यांना वाटलं, हिला एकटीला ठेवलीही असती घरी. पण बाकीची सगळी पोरं कुणाची ना कुणाची होतीच.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी सगळ्यांच्या आधी दालनात गेले. खिडक्या उघडल्या. मग चकमकीच्या रांगेसमोर, फलकाकडे पाठ करून, उभे राहिले. जिथे रोज लोक उभे राहतात, बरोबर तिथे.

बंदुका सरळ उभ्या होत्या. भावजींनी डोळे मिटले. मिटल्याबरोबर चामड्याची करकर ऐकू आली, आणि लाकडाला गाल टेकल्याचा हलका आवाज. डोळे उघडावेत असं त्यांना फार वाटलं. उघडले तर सगळं सरळ दिसेल हे त्यांना माहीत होतं. पण मग हुकूम कुणाला देणार?

त्यांनी श्वास भरला. पहिल्यांदा जो आवाज निघाला, तो नेहमीचाच, कुत्र्याला ‘अहो’ म्हणणारा. समोर काही हललं नाही. कुणीतरी वाट बघत होतं. भावजींना आठवलं, याच जागेवर, एका सोमवारी, छतानं तो आवाज गोल फिरवून परत दिला होता. तो कुठून निघाला होता, ती जागा त्यांनी पोटात शोधली.

“विश्राम!”

सगळ्या बंदुकांचे दस्ते एकदम जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. पण एवढ्यावर भागलं नाही. तो आवाज समोरून आला, तसाच पाठीमागून आला. भाल्यांच्या टोकाकडून आला, मशीनगनच्या बाजूनं आला, बाहेरच्या अंगणातून आला, आणि फाटकापलीकडच्या रस्त्यावरूनही. एका रांगेचा तो आवाज नव्हता. इतके दिवस कितीजण त्यांचं ऐकत होते!

त्यांनी डोळे उघडले. घोडे उतरलेले होते. गज घेऊन ते रांगेवरून गेले. टण्ण, टण्ण, टण्ण, शेवटपर्यंत.

मग पोरं आली. दोन-दोनच्या ओळीत, बाईंच्या मागून, चिवचिवत. सुभेदारानं मिशीला पीळ दिला. “पहिले सहा तुमचे तुम्ही वाचा. सातवा सगळ्यांनी ओरडायचा. एक, दोन...”

“झाड!”

छत दणाणलं. बंदुका गप्प राहिल्या. भावजी खांबाला टेकून उभे होते. त्यांनी हळूच श्वास सोडला.

“असं नाही!” टिटवीचा आवाज सगळ्यांच्या वर आला. ती ओळीतून सुटून धावत बापाकडे आली आणि त्यांच्या सदऱ्याला लोंबकळली. “माझ्या बाबांना सगळे हुकूम येतात. एक ते सात! घरी मला शिकवतात. बाबा, म्हणा ना. सगळ्यांना म्हणून दाखवा ना!”

“अरे वा!” सुभेदारानं टाळी वाजवली. “होऊन जाऊ दे, गरीब गाय! बघू आवाज!”

“म्हणा, काका, म्हणा!” पोरं ओरडायला लागली. बाई हसून बघत होत्या. मॅडम दारात येऊन थांबल्या होत्या, त्याही हसल्या. टिटवी मान वर करून बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत इतका अभिमान त्यांनी कधी पाहिला नव्हता.

आणि त्या गोंगाटाच्या खाली, जमिनीतून, भावजींना ऐकू आलं. टाचेला टाच लागल्याचा आवाज. दालनभर, अंगणभर, रस्त्यापर्यंत. सगळे सावध झाले होते. त्यांना फक्त पहिला शब्द हवा होता, कोणताही.

‘गप्प बस’ हे शब्द भावजींच्या जिभेवर आले होते. ‘थांब’ आला होता. ‘जा इथून’ आला होता. प्रत्येक शब्द हुकूमच होता.

त्यांनी खालचा ओठ दातांत धरला, रक्ताची चव येईपर्यंत. मग वाकून, कडेवर घेण्याचं वय केव्हाच सरलेल्या टिटवीला कडेवर घेतलं आणि पोरांच्या हसण्यातून वाट काढत दाराकडे चालू लागले.

“बाबा, बोला ना काहीतरी. रागावलात?”

त्यांनी नुसती मान हलवली. अंगण ओलांडलं, फाटक ओलांडलं. तिला खाली ठेवली नाही, आणि तोंड उघडलं नाही. मागून जुळलेल्या पावलांचा आवाज येतच होता.